मुरलेले पाणी आणि धुरकटलेली काच

हिवाळ्याच्या पहाटे जुन्या मोटारीच्या काचा आतून धुरकटतात, ही तक्रार इतकी सर्वसाधारण आहे की बहुतेक चालक तिला हवामानाचा भाग मानतात, हाताला लागेल त्या फडक्याने काच पुसतात आणि पुढे निघतात. प्रत्यक्षात थंडी हे केवळ निमित्त असते. मूळ कारण गाडीच्या आत साठलेल्या पाण्यात असते, आणि ते पाणी कोठून आले, कोठे मुरले व बाहेर का पडू शकले नाही, याचा उलगडा होत नाही तोपर्यंत काच कितीही वेळा पुसली तरी ती पुन्हा धुरकटतच राहते. महाराष्ट्रात या पाण्याचा मोठा वाटा बहुधा चार महिन्यांच्या पावसात गाडीत शिरलेला असतो, तो पायाखालच्या मॅटिंगमध्ये दडून राहतो आणि थंडी पडताच काचेवर प्रकट होतो. म्हणूनच हिवाळ्यातील काचेची निगा पावसाळा संपताच, ऑक्टोबरच्या उन्हात सुरू झाली पाहिजे, असे येथे प्रतिपादन आहे.

‘जुनी मोटार’ म्हणजे येथे साधारण पंधरा वर्षांहून अधिक वयाची गाडी अभिप्रेत आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्यामुळे अशा कितीतरी गाड्या आजही रीतसर रस्त्यावर आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलेल्या मारुती ८०० या गाडीने महाराष्ट्रातील असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना पहिली मोटार दिली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर शहराच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली असली, तरी हौशी मालकांनी ती जतन करून ठेवली आहे. या गाड्यांचे इंजिन व्यवस्थित चालत असते, परंतु त्यांची रबरे, गटारे, नळ्या आणि पत्रा यांचे वय झालेले असते, आणि काचेवरच्या बाष्पाचा प्रश्न नेमका या दुर्लक्षित भागांशी निगडित असतो.

काचेवर बाष्प का जमते

हवेत पाणी अदृश्य वायूच्या रूपात, म्हणजे बाष्पाच्या रूपात, मिसळलेले असते आणि हवा जितकी उबदार तितके अधिक बाष्प तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांना हे प्रमाण सुमारे १७ ग्रॅमवर आणि १० अंशांना सुमारे साडेनऊ ग्रॅमवर येते. एखाद्या तापमानाला हवेत जितके बाष्प मावू शकते त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. आणि हवा थंड होत होत ज्या तापमानाला ही आर्द्रता शंभर टक्के होते व बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. गाडीतील हवा २० अंशांची असेल आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सुमारे १२ अंश येतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे तापमान १० अंशांच्या आसपास असताना पुढची काचही जवळपास तितकीच थंड असते, म्हणून तिला टेकणाऱ्या हवेतील बाष्प तिच्यावर सूक्ष्म थेंबांच्या रूपात जमते. निफाडच्या परिसरात थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्याही खाली जातो, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी उभ्या केलेल्या गाड्यांच्या टपावर तर दव गोठून त्याचा पांढरा थर बसतो. तेथे आतल्या बाष्पाला काचेवर जमायला फारच थोडा वेळ लागतो.

गाडीतील सर्व पृष्ठभागांमध्ये काचच आधी धुरकटते, यालाही कारण आहे. दारांना आतून अस्तर आणि छताला कापड असते, त्यामुळे त्यांचा आतला पृष्ठभाग तुलनेने उबदार राहतो. काच मात्र जेमतेम काही मिलिमीटर जाडीची आणि उघडी असते, तिची बाहेरची बाजू थंड वाऱ्यात असते आणि तिरकी बसवलेली पुढची काच निरभ्र रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. काचेवर जमलेले थेंब इतके बारीक असतात की प्रत्येक थेंब स्वतंत्रपणे प्रकाश विखुरतो, म्हणून समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा एका ठिकाणी न दिसता संपूर्ण काचेवर पसरलेल्या झगझगाटासारखा दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचेवरच्या काळ्या फिल्मबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कठोर भूमिका घेतली, तीही याच नियमाच्या आधारे. कायद्याला जी पारदर्शकता इतकी महत्त्वाची वाटते, ती बाष्पाच्या पातळ थराने काही मिनिटांत नाहीशी होते, याचा विचार चालकाने गांभीर्याने करायला हवा.

पाण्याचा हिशेब

गाडीतील बाष्पाचा पहिला स्रोत म्हणजे माणसे. स्वस्थ बसलेली प्रौढ व्यक्ती श्वास आणि त्वचा यांवाटे तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडते. लहान मोटारीच्या आतील हवेचे आकारमान अडीच घनमीटर धरले, तर १० अंश तापमानाला त्या सगळ्या हवेत मिळून चोवीस ग्रॅमपेक्षा अधिक बाष्प मावत नाही. म्हणजे काचा बंद करून बसलेली चार माणसे अवघ्या दहा मिनिटांत गाडीची सारी बाष्पधारणा भरून टाकतात. शाळेच्या सहलीला किंवा लग्नाला पहाटे निघालेल्या भरगच्च गाडीच्या काचा वस्तीबाहेर पडण्याआधीच पांढऱ्या होतात, त्याचे स्पष्टीकरण एवढ्या साध्या गणितात आहे.

तरीही श्वासाचे बाष्प हा हिशेबाचा लहान भाग आहे, कारण हवा खेळती ठेवली की ते बाहेर निघून जाते. मॅटिंगखाली साठलेल्या पाण्याचे तसे नसते. पायाखालच्या कार्पेटच्या तळाशी आवाज आणि उष्णता रोखण्यासाठी जाड नमदा किंवा फोम घातलेला असतो, त्यात लिटरभर पाणी सहज मुरते, आणि वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडेच लागते. हे एक लिटर पाणी म्हणजे १० अंशांच्या हवेत गाडीभर मावणाऱ्या बाष्पाच्या चाळीस पटींहून अधिक साठा होय. दिवसा उन्हात उभी असलेली बंद गाडी तापते, नमद्यातील पाण्याचे बाष्प होऊन ते हवेत मिसळते, रात्री काच थंड झाली की तेच बाष्प तिच्यावर जमते आणि सकाळी फडक्याने पुसून काढलेले पाणी त्याच फडक्यासह बहुधा गाडीतच राहते. या चक्रात पाणी फक्त जागा बदलते, गाडी सोडत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या, कोणीही न बसलेल्या गाडीच्या काचा सकाळी आतून ओल्या आढळल्या, तर दोष प्रवाशांच्या श्वासाचा नसून गाडीत कोठेतरी पाणी मुरते आहे, असे खुशाल समजावे.

गळती कोठे आणि कशी शोधावी

तपासणीची सुरुवात काचेपासून नव्हे, जमिनीपासून करावी. चारही बाजूंची पायपुसणी बाहेर काढावीत, दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी सैल करून कार्पेटची कड उचलावी आणि नमद्याखाली हात घालून तो जोराने दाबावा. बोटांना पाणी लागले तर ते कोणते आहे हे पाहणे पुढच्या दुरुस्तीसाठी निर्णायक ठरते. मातकट, कुबट वासाचे पाणी बहुधा पावसाचे असते. एसी वापरल्यानंतर डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायाशी येणारे स्वच्छ, वासरहित पाणी एसीच्या थंड कॉइलवर जमलेले असते. ते बाहेर सोडणारी बारीक रबरी नळी धुळीने तुंबली की ते गाडीत उतरते. बोटांना चिकट लागणारे, गोडसर वासाचे आणि बहुधा हिरवट किंवा रंगीत असलेले पाणी म्हणजे इंजिन थंड ठेवणारे कूलंट, आणि ते पायाशी आढळले तर डॅशबोर्डमागची हीटरची कॉइल गळते आहे असा अर्थ होतो. कूलंटमधील ग्लायकॉल हे रसायन विषारी असल्यामुळे असे मॅटिंग लहान मुलांपासून व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवावे. शिवाय त्याची वाफ काचेवर तेलकट थर धरते, जो साध्या पाण्याने निघत नाही.

पावसाचे पाणी जुन्या गाडीत मुख्यतः तीन वाटांनी शिरते. पहिली वाट वायपरच्या खालच्या जाळीची. या जाळीखाली एक खोलगट पन्हळ असते, पुढच्या काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यात पडते आणि दोन्ही टोकांच्या छिद्रांतून चाकांमागे निघून जाते. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर गुलमोहराची आणि चिंचेची बारीक पानदळे जाळीतून आत पडतात, धुळीशी मिसळून त्यांचा चिखल होतो आणि छिद्रे बुजतात. दसऱ्याला बोनेटवर बांधलेल्या हाराच्या झेंडूच्या पाकळ्याही तेथेच जाऊन पडतात. मग पन्हळ भरते आणि पाणी हवेच्या मार्गाने ब्लोअरमध्ये व तेथून पायांशी उतरते. पाला सतत ओला राहिला तर पन्हळीचा पत्रा गंजून त्याला भोके पडतात, आणि तेव्हा केवळ सफाईने भागत नाही, डेंटरकडून पत्र्याचे पॅचवर्क करून घ्यावे लागते.

दुसरी वाट दारांची. खिडकीच्या काचेलगतची रबरी पट्टी सगळे पाणी अडवत नाही. काही पाणी दाराच्या पोकळीत उतरणार हे गृहीत धरूनच दार बनवलेले असते आणि ते बाहेर जाण्यासाठी दाराच्या तळाशी छिद्रे ठेवलेली असतात. दाराच्या आतील ट्रिममागे, म्हणजे सजावटीच्या फळीमागे, प्लॅस्टिकचा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो, तो या पाण्याला प्रवाशांच्या बाजूला येऊ देत नाही. काच वर-खाली करणारे मशीन दुरुस्त करताना किंवा नवे स्पीकर बसवताना हा पडदा फाडला जातो आणि पुन्हा नीट चिकटवला जात नाही. वरून काहीच दिसत नाही, परंतु त्यानंतरच्या प्रत्येक पावसात दारातील पाणी कार्पेटकडे वळते. ट्रिम काढून पडदा तपासणे, फाटला असल्यास जाड प्लॅस्टिकचा नवा पडदा सर्व कडांनी चिकटवणे आणि तळाची छिद्रे तारेने मोकळी करणे, हे काम साधे व स्वस्त असूनही क्वचितच केले जाते.

तिसरी वाट रबर बीडिंगची. पुढच्या व मागच्या काचेभोवतीचे आणि दारांच्या व डिकीच्या कडांचे रबर उन्हाने कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांत तडकते. दार बंद करताना चौकटीत कागदाची पट्टी धरावी आणि बंद दारातून ती ओढून पाहावी. ती सहज सुटली तर तेथे रबर दाबले जात नाही. गळतीची जागा नेमकी हेरायची असेल तर दोन माणसे लागतात. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपने मंद धार सोडावी, तीही खालून वर सरकत, म्हणजे पाणी कोणत्या उंचीवर शिरते ते कळते. संशयित सांध्यावर आतून टाल्कम पावडर भुरभुरली, तर तिच्यावर उमटणारी ओली रेघ पाण्याची वाट दाखवते.

गळती थांबल्यावर मॅटिंग पूर्ण सुकवणे हा दुरुस्तीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो अनेकदा वगळला जातो. वरून ऊन लागून कार्पेट कोरडे होते, नमदा होत नाही. म्हणून पुढच्या सीट काढून कार्पेट नमद्यासह बाहेर काढावे आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवावे. त्याच वेळी उघडा पडलेला तळाचा पत्रा तपासून गंजरोधक रंग लावता येतो. बाजारात मिळणारी आर्द्रता शोषणारी सिलिका जेलची पिशवी उपयोगी असली, तरी तिची मर्यादा लक्षात घ्यायला हवी: सिलिका जेल आपल्या वजनाच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी धरते, म्हणजे अर्ध्या किलोची पिशवी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पाणी शोषून थांबते, आणि चार प्रवासी तेवढे पाणी तासाभरात सोडतात. गळती तशीच ठेवून पिशव्यांवर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे. कोरड्या झालेल्या गाडीत मात्र रात्रीचे उरलेसुरले बाष्प टिपायला ती पुरेशी असते.

हीटर, थर्मोस्टॅट आणि एसी

मोटारीचा हीटर इंजिनच्या उष्णतेवर चालतो. इंजिनभोवती फिरून तापलेले कूलंट डॅशबोर्डमागील लहान कॉइलमधून जाते, ब्लोअर तिच्यावरून हवा फेकतो आणि ती उबदार हवा काचेकडे वळवली जाते. येथे बाहेरची ताजी हवा आत घेणे महत्त्वाचे असते. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची हवा घेऊन, ती गाळून व तापवून आत सोडणारी व्यवस्था आपल्या गाड्यांत दिली. आतलीच हवा पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा ही पद्धत सरस ठरली, त्यामागे भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. पहाटेची १० अंशांची हवा अगदी दमट असली तरी तिच्यात घनमीटरला साडेनऊ ग्रॅमच बाष्प असते. तीच हवा २५ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते आणि ती काचेवरचे पाणी झपाट्याने शोषू लागते. याउलट हवा आतल्या आत फिरवणारा पर्याय निवडला, तर प्रवाशांचे बाष्प गाडीतच कोंडले जाते. थंडी वाजते म्हणून हा पर्याय सुरू ठेवणे, हे काच धुरकटण्याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे कारण आहे.

जुन्या गाडीचा हीटर कोमट हवा देत असेल, तर त्याचे मूळ पुष्कळदा पूर्वीच्या एखाद्या तात्पुरत्या दुरुस्तीत सापडते. थर्मोस्टॅट ही तापमानानुसार आपोआप उघडणारी झडप असून साधारण ८० अंशांपर्यंत ती कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापते. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून आपल्याकडे अनेक गॅरेजांत ही झडप काढून टाकण्याची प्रथा पडली. परिणामी हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन अधिक लागते आणि हीटरला उष्णताच मिळत नाही. तसेच गळणारी हीटर कॉइल बदलण्याऐवजी तिच्या दोन नळ्या परस्पर जोडून कॉइल वगळली जाते, किंवा वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नळाचे पाणी भरल्याने कॉइलमध्ये गंज व क्षार साचतात. नवा थर्मोस्टॅट बसवणे, कॉइल धुऊन घेणे किंवा बदलणे, योग्य प्रमाणात कूलंट भरणे आणि हीटरची दांडी सरकवल्यावर तिची केबल पाण्याची झडप खरोखर उघडते की नाही ते पाहणे, एवढ्याने हीटर बहुधा पूर्ववत होतो.

एसी हे केवळ उन्हाळ्याचे साधन आहे, हा समज दूर होणे आवश्यक आहे. एसीची थंड कॉइल तिच्यावरून जाणाऱ्या हवेतील बाष्पाचे पाणी करून ते गाडीबाहेर सोडते. म्हणजे एसी हवा थंड करता करता ती कोरडीही करतो. एसी आणि हीटर एकत्र चालवले तर हवा प्रथम कोरडी आणि नंतर उबदार होऊन काचेवर येते आणि काच सर्वांत लवकर स्वच्छ होते. इंजिन तापण्याआधीच्या काही मिनिटांत हीटर निरुपयोगी असतो, तेव्हाही एसी काम करतो. हवा गोठणबिंदूच्या जवळ गेली तर अनेक गाड्यांत एसी आपोआप थांबतो, परंतु महाराष्ट्रातील बहुतेक पहाटा इतक्या थंड नसतात. मात्र एसी चालवून काच स्वच्छ होताच तो बंद केला, तर कॉइलवर उरलेले पाणी येणाऱ्या हवेत मिसळते आणि काच क्षणात पुन्हा पांढरी होऊ शकते. म्हणून प्रवासात तो सुरूच ठेवणे हिताचे. फार जुन्या एसीमध्ये आर-१२ हा वायू असतो, ज्याचा वापर ओझोन थराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए या वायूला वेगळे तेल लागते, त्यामुळे जुन्या यंत्रणेत तो नुसता भरून चालत नाही, जाणकार कारागिराकडून यंत्रणेत योग्य बदल करून घ्यावे लागतात.

ज्या गाड्यांत हीटरही नाही आणि एसीही नाही, तेथे वाहती हवा हाच आधार असतो. पद्मिनीच्या पुढच्या दारांना असलेली त्रिकोणी काच थोडी तिरकी उघडली की धावत्या गाडीतून आतली दमट हवा बाहेर खेचली जाते. इतर गाड्यांत समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन काचा दोन बोटे उघड्या ठेवल्या तर तोच परिणाम साधतो. थोडी थंडी सोसावी लागते, पण रस्ता दिसतो.

मागची काच आणि काचेचा पृष्ठभाग

मागच्या काचेवर दिसणाऱ्या आडव्या तपकिरी रेषा म्हणजे चांदीयुक्त पेस्टचे विद्युतवाहक पट्टे असून त्यांतून वीज वाहिली की काच दवबिंदूच्या वर तापते. यालाच डिफॉगर म्हणतात. तो बराच विद्युतप्रवाह घेतो, म्हणून जुन्या बॅटरीच्या गाडीत तो इंजिन सुरू झाल्यावरच लावावा आणि काच स्वच्छ होताच बंद करावा. हे पट्टे काचेच्या आतल्या बाजूस असतात, त्यामुळे स्टिकर खरवडताना किंवा काच आडवीतिडवी घासताना ते तुटतात. एखाद्या पट्ट्यापुरतीच काच धुरकट राहत असेल तर त्या पट्ट्यात खंड पडलेला असतो आणि विद्युतवाहक रंगाने तो जोडता येतो. मागची काच नेहमी पट्ट्यांच्या दिशेने, हलक्या हाताने पुसावी.

काच स्वच्छ असेल तर बाष्प उशिरा आणि विरळ दिसते. नव्या-जुन्या डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उन्हात उडणारी तेलकट द्रव्ये, सिगारेटचा धूर, अगरबत्तीची काजळी आणि हाताने काच पुसताना लागलेला तेलकटपणा यांचा सूक्ष्म थर काचेवर बसतो आणि त्यावर थेंब अलग अलग व घट्ट धरून राहतात. काच प्रथम साबणाच्या पाण्याने आणि मग थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून शेवटी कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने चकचकीत करावी. त्यानंतर सौम्य साबणाचा किंवा शाम्पूचा अत्यंत पातळ हात फिरवून कोरड्या फडक्याने तो डोळ्यांना दिसणार नाही इतपत पुसला, तर बाष्पाचे वेगळे थेंब न होता पाण्याचा एकसंध, पारदर्शक पापुद्रा पसरतो आणि दृश्य फारसे बिघडत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूस लावायचे पाणी घरंगळवणारे द्रव आतून लावू नयेत, कारण त्यांचा गुण नेमका उलट, म्हणजे पाण्याचे थेंब घडवण्याचा असतो.

पहाटेचा क्रम

निघण्यापूर्वी दोन दारे मिनिटभर उघडी ठेवून कोंदलेली हवा जाऊ द्यावी, काचेवर जमलेले पाणी कोरड्या फडक्याने टिपून ते फडके गाडीबाहेर ठेवावे, इंजिन सुरू करून बाहेरच्या हवेचा पर्याय निवडावा, हवेची दिशा काचेकडे करावी आणि एसी असल्यास तो हीटरसह लावावा. काचेवर गरम पाणी ओतू नये. तापमानातील अचानक फरकाने ती तडकू शकते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून काच सुकवण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित वायू प्राणघातक आहे. आणि हाताने पुसलेल्या वर्तुळातून पाहत गाडी पुढे काढू नये; पूर्ण काच स्वच्छ होण्यास लागणारी चार-पाच मिनिटे रस्त्याने पायी चालणाऱ्या, सायकलवर दूध-वर्तमानपत्रे पोहोचवणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असतात.

बाष्प आत आहे की बाहेर, हेही आधी बोट फिरवून पाहावे. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत एसीने थंड झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतील बाष्प बाहेरून जमते. तेव्हा वायपर फिरवणे आणि थंड हवेचा झोत काचेपासून दूर वळवणे एवढेच पुरते. हिवाळ्यातील आतल्या बाष्पाला ही युक्ती लागू पडत नाही.

या सर्व उपायांपैकी पहाटेचे उपाय त्या दिवसापुरते असतात आणि शरदातील उपाय वर्षभर टिकतात. पाऊस थांबल्यापासून दिवाळीपर्यंतच्या स्वच्छ उन्हात गाडीचे कार्पेट काढून वाळवणे, वायपरखालची पन्हळ व दारांची छिद्रे मोकळी करणे, दारांतील पडदे व रबरे तपासणे, थर्मोस्टॅट आणि कूलंटकडे लक्ष देणे, ही कामे सुट्टीच्या दोन दिवसांत होण्यासारखी आहेत आणि त्यांतील अनेकांना कारागिराचीही गरज पडत नाही. त्यांचा लाभ काचेपुरता मर्यादित राहत नाही: जे पाणी काच धुरकटवते तेच तळाचा पत्रा गंजवते, वायरिंगचे सांधे खाते आणि आत कुबट बुरशी वाढवते. जुनी गाडी बहुधा इंजिन थकल्यामुळे भंगारात जात नाही, ती आतून कुजल्यामुळे जाते. त्यामुळे सकाळच्या धुरकट काचेकडे केवळ उशीर करणारी कटकट म्हणून न पाहता, गाडीने वेळीच दिलेली सूचना म्हणून पाहणाऱ्या मालकाची गाडी सुरक्षितही राहते आणि दीर्घायुषीही होते.